पत्र्याच्या छत्रीखालचा बल्ब

आमचे मालक माणसं वॉटवर मोजायचे. पोस्टमन चाळीसचा. शाळेचे हेडमास्तर साठचे, "पन होल्डर ढिला हाय, मधीच जातात." ग्रामपंचायतीतल्या एका वजनदार सदस्याबद्दल त्यांचं मत असं होतं, की हा झिरोचा बलप हाय आणि मीटर मात्र पंधराचा फिरवतो. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, कुठे काम करतो ते विचारलं, कॉलेजच्या ग्रंथालयात म्हटल्यावर "म्हंजे पंचवीस," असं स्वतःशीच म्हटलं आणि किल्ली दिली. पुढे मी त्यांच्या घरात बरीच वर्षं राहिलो. बढती मिळाली नाही.

कर्जतहून पळसदरीकडे जाताना रुळांच्या अलीकडे जे गाव लागतं, तिथे त्यांचं घर होतं. पुढच्या भागात ते आणि त्यांची बायको, मागच्या दोन खोल्यांत मी, आणि मागे लांबलचक, जाळी लावलेली, रिकामी शेड. एके काळी त्यांची तिथे पोल्ट्री होती. शेडला अजूनही कोंबड्यांचा वास यायचा. पावसाळ्यात जास्त यायचा. मालकांना त्याबद्दल सांगितलं तर म्हणायचे, "येनारच. इतकी वर्सं ऱ्हायल्यात त्या. तुमी किती दिवस झाले?"

भाडेकरूसाठी त्यांची अट एकच होती. मांसमच्छी, पाहुणे, उशिरा येणं, कशालाच हरकत नव्हती. खोलीत पिवळा बल्बच लावायचा.

"पांढरा दिवा लावायचा आसंल तर सरकारी दवाखान्यात जाऊन ऱ्हावा," ते म्हणाले होते. "तितं खाट बी देतात."

उंच, वाळलेला माणूस. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, बनियन, खांद्यावर टॉवेल. डाव्या तळहातावर कायम तंबाखू. उजव्या अंगठ्याने ती मळत मळत ते बोलायचे, चालायचे, भांडायचे, आणि एकदा तर राष्ट्रगीत चालू असतानाही मळत होते. अंगठ्याचं नख चुन्याने पांढरं पडलेलं. तळहाताला जो तंबाखू-चुन्याचा वास मुरला होता, तो साबणाने जाण्याच्या पलीकडे गेला होता. त्यांनी हातात दिलेला पेढ्याचा कागदही तो वास धरून असायचा.

बल्ब विकत घ्यायला ते खोपोलीला, शिळफाट्याच्या बाजारात जायचे. कर्जतमध्ये दुकानं नव्हती असं नाही, पण कर्जतचे दुकानदार बल्ब हलवू देत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. शिळफाट्याचा दुकानदार एक तर सोशीक होता किंवा थकलेला. मालक काउंटरवर खोका उघडून एकेक बल्ब कानाशी धरून हलवायचे, आपण नारळातलं पाणी ऐकतो तसे. आवाज आला तर तार तुटलेली. नाही आला तरी ते लगेच मान हलवायचे नाहीत. आणखी थोडं ऐकायचे. मागे गिऱ्हाइकं थांबलेली असायची. एकदा एक जण चिडून म्हणाला, "ओ काका, बलप घेताय का जावई बघताय?" मालक वळले आणि शांतपणे म्हणाले, "जावई परत करता येत नाय. बलप बी."

पांढऱ्या दिव्यांबद्दल त्यांचे सिद्धान्त होते. त्या उजेडात आमटी पांचट लागते. केस गळतात. गाय पान्हा चोरते. आणि संसार मोडतात, कारण पिवळ्या चाळीसच्या बल्बात नवरा-बायको एकमेकांना निम्मेच दिसत होते आणि तेवढ्यावर सगळं निभत होतं, आता सगळंच दिसायला लागलं. यातल्या कशालाही काडीचा आधार नव्हता. मी एकदा तसं म्हणालो, आणि कुठल्याशा पुस्तकाचा दाखलाही दिला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"ते पुस्तक कंच्या उजेडात ल्हिलं ते बगा आदी," ते म्हणाले.

उडालेला बल्ब ते टाकत नसत. तो पुन्हा होल्डरला लावायचे, बटण दाबायचे, आणि नखाने काचेवर टिचक्या मारत तो तिरपा करत राहायचे. आत तुटलेल्या तारेची दोन टोकं लोंबकळत असायची. कधी कधी ती एकमेकांना चिकटायची आणि बल्ब पुन्हा लागायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चकित झालो, कारण तो आधीपेक्षा लख्ख लागला होता.

"जोडला का जास्त पेटतो," मालक म्हणाले. "पन लय दिवस नाय."

हे त्यांनी माहिती म्हणून सांगितलं. त्यात जीवनाबद्दल काही सुचवायचं नव्हतं, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. आमच्या कॉलेजात एक प्राध्यापक होते, त्यांच्या हाती हा बल्ब लागला असता तर दर निरोप समारंभाला तो पेटला असता.

गावच्या फाट्यावर हायमास्ट उभा राहिला, तो दिवस मला आठवतो. हायमास्ट म्हणजे उंच खांब, वर गोलाकार भगभगीत दिवे, आणि खाली ज्यांच्या प्रयत्नांनी तो उभा राहिला त्यांच्या नावांची पाटी. पाटी खांबाच्या मानाने बरीच मोठी होती. उद्घाटन संध्याकाळी होतं, पण साहेबांना संध्याकाळी खालापूरकडे आणखी एक उद्घाटन निघालं, म्हणून इथलं भर दुपारी उरकायचं ठरलं. एप्रिलचं ऊन. मांडव, सत्कार, नारळ, शाली. उन्हात शाल पांघरून बसलेली ती माणसं बघवत नव्हती. साहेबांनी कळ दाबली. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या थांबल्यावर मागून मालकांचा आवाज आला.

"सायेब, लागला का वो? का परत दाबताय?"

सगळ्यांनी वर बघितलं. आकाशात सूर्य होता, खांबावर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. साहेब हसून म्हणाले, "संध्याकाळी दिसेल, काका." संध्याकाळी खरंच दिसलं. डोंगरातले सगळे किडे त्या उजेडावर आले आणि खालच्या टपरीवाल्याच्या चहात पडायला लागले. चार दिवसांत त्याने टपरी उचलून अंधाराकडे नेली. मालक मुद्दाम तिथे जाऊन चहा प्यायचे.

हे सगळं ऐकून कोणालाही वाटेल, की हा जुन्याला धरून बसलेला माणूस. मलाही तसंच वाटायचं. त्यांच्या पोल्ट्रीची गोष्ट ऐकेपर्यंत.

कोंबडीची पिल्लं अंड्यातून निघून येतात तेव्हा त्यांच्या अंगावर नुसती लव असते. त्यांना ऊब लागते. जमिनीपासून हातभर उंचीवर पत्र्याच्या छत्र्या टांगायच्या, छत्रीखाली शंभरचे बल्ब, आणि बल्बाखाली पिल्लं. पिल्लं सगळीकडे सारखी पसरलेली दिसली की समजायचं ऊब बरोबर आहे. बल्बाखाली गोळा झाली तर बल्ब खाली घ्यायचा, लांब पळाली तर वर. मालक हे रोज हाताच्या मागच्या बाजूने तपासायचे. तळहात निबर असतो, त्याला खरं कळत नाही, असं म्हणायचे.

"मंग नवीन दिवे आले," ते म्हणाले. आम्ही शेडच्या पायरीवर बसलो होतो. "बिल कमी, उजेड जास्त. आमच्यात एक गाढव व्हता. म्हनला, आपन बी म्होरं जायला पायजे. त्यानं सगल्या छत्र्यांना नवीन दिवे लावले. थंडीचे दिवस. शेड नुसती पांढरी फेक. लोकं बगायला आली. रात्री समदी पिल्लं एका कोपऱ्यात गेली, एकावर एक चढली ऊब घ्यायला. खालची गुदमारली, वरची गारठली."

"सगळी?"

"दिवा चालूच व्हता ना सकाली बी," ते म्हणाले. जणू मी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. "लख्ख. एकेक पिल्लू दिसत व्हतं."

मग तंबाखू दाताखाली धरून उठले.

ते गाढव कोण, हे मला काकूंनी सांगितलं.

मालकांच्या बायकोला मी काकू म्हणायचो. लहानखुरी, सावळी बाई. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. एका डोळ्याची आधी गेली, ते स्वयंपाकाच्या गडबडीत त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्याचं लक्षात आलं तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. आता उजेड-अंधारही कळत नव्हता.

"म्हनतात ना गाढव व्हता एक?" काकू हसल्या. "आवो, ह्येच ते. गावात पयले ह्यांनीच लावले नवीन दिवे. लय हौस. मला म्हनले, बग गं, दिवाली आली शेडमंदी. सकाली मीच आदी गेली व्हती आत. तवा दिसत व्हतं मला." जरा थांबून म्हणाल्या, "ते दिसलं नसतं तं बरं झालं असतं."

काकू पुढच्या खोलीत एका लाकडी खुर्चीत बसायच्या. खुर्चीच्या वर, त्यांच्या डोक्यापासून जेमतेम हातभर, शेडमधली एक पत्र्याची छत्री मालकांनी टांगली होती. तिच्यात शंभरचा बल्ब. मी नवा होतो तेव्हा मला हा शुद्ध वेडेपणा वाटला होता. ज्या बाईला दिसत नाही तिच्याच डोक्यावर घरातला सगळ्यात मोठा दिवा.

मग एका तिन्हीसांजेला मी भाडं द्यायला गेलो असताना पाहिलं. मालकांनी बटण दाबलं. छत्रीखाली पिवळा उजेड पसरला. काकूंनी काही क्षण वाट पाहिली. ऊब खाली उतरत गेली, आधी केसांवर, मग कपाळावर. त्यांनी चेहरा वर केला, हात जोडले, डोळे मिटले. डोळे मिटायची गरज नव्हती, पण दिव्याला नमस्कार करताना डोळे मिटतात, म्हणून मिटले. "दिवे लागले," त्या म्हणाल्या. आणि त्यांची संध्याकाळ सुरू झाली. शेळी आत घेतली का, दाराशी पाणी मारलं का, भात टाकला का, सर आले का कॉलेजातून. सगळी चौकशी करून, जेवून त्या झोपायला जायच्या.

बल्बाचं त्या घरातलं काम हे होतं. एप्रिल-मेमध्ये आम्हाला घामाच्या धारा लागायच्या, पण छत्रीखालचा बल्ब लागायचाच. फक्त तिन्हीसांजेला, थोडा वेळ. काकू जेवायला उठल्या की मालक तो विझवून टाकायचे. बल्ब टिकायला हवा होता.

त्यांना एकच मुलगा. कुंभिवलीला एका कारखान्यात सुपरवायझर, राहायला खोपोलीत. सरळ, कामसू, सणासुदीला येणारा. बापाचं आणि त्याचं फार बोलणं नसायचं, पण वैरही नव्हतं. एका दिवाळीला तो बायकोमुलांना घेऊन आला, सोबत एलईडीचे दिवे आणले, आणि बाप शेळीसाठी पाला आणायला गेला असताना घरातले सगळे बल्ब बदलून टाकले. छत्रीखालचाही. मला हाक मारून दाखवलं. "सर, बघा. आता घर वाटतंय की नाय?"

घर वाटत होतं हे खरं. भिंतीचे पोपडे, कोपऱ्यातली जळमटं, देवांच्या तसबिरींमागचे धुराचे डाग, सगळं पहिल्यांदाच दिसत होतं. सूनबाई लगेच झाडू घेऊन उभी राहिली.

तिन्हीसांज झाली. मालक आले आणि दारातच थांबले. मुलाने आईला म्हटलं, "आई, दिवे लावतो हां," आणि मोठ्या कौतुकाने एकेक बटण दाबलं. खोली पांढरी झाली. नातवंडांनी टाळ्या पिटल्या.

काकू चेहरा वर करून थांबल्या. हात मांडीवरून उचलून अर्धे वर आणले होते. बराच वेळ तशाच होत्या. मग हात खाली ठेवले.

"लाईट गेली वाटतं," त्या म्हणाल्या.

मुलं हसली. मुलगाही हसला. "आई, अगं गेली कुठं? केवढा उजेड पडलाय. शंभर बलपांचा!"

"हो का?" काकू म्हणाल्या. "आसंल बाबा."

मी मालकांकडे पाहिलं. अंगठा तळहातावर थांबला होता. तो थांबलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आता जुना लाव तो," ते मुलाला म्हणाले. "तिच्या डोक्यावरचा. बाकीचे ऱ्हाऊ दे."

"बाबा, तुमचं म्हणजे..." मुलगा म्हणाला. तोही दिवसभर शिडीवर चढून दमला होता. "पिवळा काय न पांढरा काय, तिला काय फरक पडतो? दिसतंय का तिला?"

काकूच शेवटी म्हणाल्या, "खरं हाय त्याचं. ऱ्हाऊ द्या वो." त्या रात्री काकू झोपल्या नाहीत. जेवण वाढलं तर म्हणाल्या, आताच? अजून दिवेलागण कुठं झाली? पहाटे मला जाग आली तेव्हाही त्या खुर्चीत बसून होत्या, हात मांडीवर, संध्याकाळ व्हायची वाट बघत. खोलीत भगभगीत उजेड होता.

दुसऱ्या दिवशी मुलगा गेल्यावर मालकांनी स्टूल घेतलं आणि छत्रीखाली जुना बल्ब लावला. मुलाला त्यांनी कधीही काहीही समजावून सांगितलं नाही. मी एकदा म्हणालो, की सांगा ना त्याला, तो काही वाईट नाही. मालक म्हणाले, "वाईट नायच. पन तिच्याम्होरं बोलला ना त्यो. आता मी सांगाचं, मंग त्यानं तिच्या पाया पडाचं, मंग तिनं रडाचं. कशाला?" मुलगा मात्र आपल्या बापाला बल्बाचं वेड आहे असं सगळ्यांना सांगायचा, आणि ते वेड तर होतंच.

यानंतर बाजारातले बल्ब संपत गेले. शिळफाट्याच्या दुकानदाराने आधी शंभरचे ठेवणं बंद केलं, मग साठचे. "काका, आता कोन घेतो? तुमी एकटे. त्यात निम्मे हलवून परत ठेवता." मी कल्याणच्या एका जुन्या दुकानातून काही आणून दिले. हलका माल निघाला. आमच्याकडे विजेचा दाब संध्याकाळी वर-खाली व्हायचा, तो त्यांना सोसवायचा नाही. एक तर काकूंच्या डोक्यावर टपकन उडाला आणि त्या दचकल्या. मालकांनी उरलेले मला परत केले. आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. "पंचवीसच्या मानानं लय केलात," एवढं म्हणाले.

त्या सुमारास पळसदरीच्या धरणाकडे एक रिसॉर्ट निघालं होतं. शनिवार-रविवार मुंबईची मंडळी पाऊस बघायला, आणि पाऊस नसेल तेव्हा एकमेकांना बघायला यायची. कोणीतरी मालकांना सांगितलं, की तिथे झाडांवर नुसते पिवळे बल्ब टांगलेत, लांबट, जुन्या काळचे, आत तार दिसते. मालकांनी धुतलेला सदरा घातला आणि मला सोबत घेतलं. "तुमी इंग्लिश बोला. मी बलप बगतो."

व्यवस्थापक टापटीप तरुण होता. त्याने आम्हाला 'व्हिंटेज फील' म्हणजे काय ते समजावलं. आंब्याच्या झाडाला बैलगाडीचं चाक लटकवलेलं, विहिरीचा रहाट रंगवून ठेवलेला, मातीचे रिकामे रांजण. आमच्या आसपासच्या घरांतून जे जे मोडीत गेलं होतं ते सगळं तिथे कामावर रुजू झालेलं दिसलं. आणि फांद्याफांद्यांतून बल्ब. खरोखर सुंदर दिसत होते. मधाच्या रंगाच्या काचेत वेटोळी तार, तारेत मंद पिवळी धग. लोक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढत होते.

मालक एका बल्बाजवळ गेले आणि हाताची मागची बाजू त्याला टेकवली. तशीच ठेवली. आणखी थोडा वेळ ठेवली.

"थंड हाय," ते म्हणाले.

"एलईडीच आहेत, काका," व्यवस्थापक म्हणाला. "फक्त लुक जुना आहे. हातही भाजत नाही, सेफ."

"व्हय," मालक म्हणाले. "लय शेफ हाय." परत येताना गावाच्या वळणावर एवढंच म्हणाले, "ह्यापरीस हॅलोजनसारखा भडक माणूस बरा. त्यो निदान गरम तरी व्हतो."

नंतर मी खोपोलीला राहायला गेलो. कॉलेज बदललं होतं. अधूनमधून जायचो. गेलो की विचारायचो, बल्ब आहेत ना? मालक माळ्याकडे बोट करायचे. तिथे पुठ्ठ्याचा मोठा खोका होता. "खोका भरून हाय. तिला पुरतील न तुमाला बी पुरतील." मी निश्चिंत झालो.

एकदा गेलो तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. काकू खुर्चीत होत्या. मला म्हणाल्या, बसा सर, दिवे लागू दे, मग चहा घ्या. मालक स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. त्यांना बराच वेळ लागला म्हणून मी वाकून पाहिलं. ते शेगडीसमोर उभे होते आणि दोन्ही तळहात जाळावर धरले होते. अंगठा मळत नव्हता. जाळ लागून हात मागे जायचे, की ते पुन्हा पुढे घ्यायचे.

मग झपझप बाहेर आले. कोपराने भिंतीवरचं बटण दाबलं. टक् आवाज झाला. पत्र्याच्या छत्रीखाली काहीच नव्हतं, नुसता रिकामा होल्डर. खोलीत दुसऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्याचा उजेड होता. मालकांनी दोन्ही हात छत्रीखाली, काकूंच्या डोक्यावर धरले. केसांना न लागतील इतके वर.

"लागला गं बलप," ते म्हणाले.

काकूंनी चेहरा वर केला. जरा वेळ तशाच राहिल्या. मग हात जोडले, डोळे मिटले. "दिवे लागले," त्या म्हणाल्या. "शेळी घेतली आत?"

"घेतो ना," मालक म्हणाले. हात गार होईपर्यंत तिथेच उभे होते. काकूंच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होते. मग ते शेळी घ्यायला बाहेर गेले.

ते ओटा उतरल्याचा आवाज झाला तशा काकू माझ्याकडे वळल्या. म्हणजे माझा श्वास जिकडे होता तिकडे.

"सर, एक सांगू? ह्यांना बोलू नका हां."

"नाही बोलत."

"आजकाल बलपाला तमाखूचा वास येतो," काकू म्हणाल्या. आणि तोंडाला पदर लावून हसल्या, अशा काही, की त्या वयाच्या बाईला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मालक गेले ते त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता. शेडमध्ये पडलेले सापडले. कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी तेराव्याला गेलो. घर पांढऱ्या उजेडात होतं. आलेगेले बसले होते. गावातले एक गृहस्थ मयताच्या परोपकारी वृत्तीवर बोलत होते. मालकांनी त्यांना कधीकाळी 'उडालेला' ठरवलं होतं.

गर्दी ओसरल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. "सर, आईचं काय करू? रात्र रात्र बसून असते. जेव म्हटलं की म्हणते, अजून दिवे कुठं लागले? मी तर सगळे लावून ठेवतो. दिवसासुद्धा."

तेव्हा मी त्याला बल्बाचं सांगितलं. ऊब कपाळावर आली की त्यांची संध्याकाळ होते, म्हणून बाप बल्बासाठी गावं फिरत होता, हे सांगितलं. हातांचं सांगितलं नाही. ते त्या दोघांमधलं होतं. मुलगा ऐकत राहिला. मग उठला आणि माळ्यावरून खोका खाली काढला. खोका जड होता, तोंडापर्यंत भरलेला. त्याने एक बल्ब घेतला, कानाशी धरून हलवला. बाजूला ठेवला. दुसरा घेतला. बापासारखाच मान तिरकी करून तो एकेक ऐकत गेला. सगळे वाजत होते.

शेवटी त्याने मोबाईल काढला. थोडं शोधल्यावर त्याला सापडले. सजावटीच्या दिव्यांमध्ये होते, कुठल्याशा हॉटेलाच्या फोटोंसह. खरी तार, खरा जाळ, हाताळताना काळजी घ्या अशी सूचना. त्याने ते मागवले. बापाने आपल्याकडे मागायला हवे होते, असं तो म्हणाला नाही. कदाचित म्हणाला असेल, पण तोंडातल्या तोंडात.

पार्सल आलं तेव्हा त्याने मला फोन करून बोलावलं. कसल्याशा मऊ पुठ्ठ्यात, अंड्यांसारखे, एकेक बल्ब वेगळा ठेवलेला होता. तो स्टुलावर चढला, छत्रीखाली बल्ब बसवला. तिन्हीसांजेची वाट पाहिली. सूनबाईला भिंतीवरचे पांढरे दिवे घालवायला सांगितले. मग बटण दाबलं.

खोलीत तो जुना पिवळा उजेड आला. भिंतीचे पोपडे गेले, जळमटं गेली. मुलाने हाताची मागची बाजू बल्बाजवळ धरली, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "गरम हाय, आई," तो म्हणाला. "बघ. बाबांसारखाच लावलाय."

काकूंचा चेहरा हळूहळू वर झाला. ऊब केसांवर आली, कपाळावर आली. हात मांडीवरून उचलले गेले, एकमेकांजवळ आले. त्यांनी नाकाने एक खोल श्वास आत ओढला. मग आणखी एक.

हात पुन्हा मांडीवर गेले.

"बलपच हाय ह्यो," काकू म्हणाल्या.